सोनं शोधायच्या डिटेक्टरला बॅटरी कुठली घ्यायची? ऑस्ट्रेलियातल्या नवख्या मंडळींसाठी

विकेंडला डनॉली, टार्नगुल्ला, वेडरबर्नकडे डिटेक्टर घेऊन जायचा नाद मेलबर्नच्या आपल्या लोकांना लागलेला दिसतोय, चांगलंच आहे, दोन-अडीच तासांचा ड्राइव्ह आणि दिवसभर मोकळी हवा. पण नवीन माणूस काय विचारतो, तर मशीन कुठलं घेऊ, कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) कुठली घेऊ, जागा कुठली चांगली. बॅटरीचं कुणी विचारत नाही. बॅटरीची आठवण येते ती थेट दुपारी दोनला, मशीन कुरकुरायला लागलं की, आणि तेव्हा जवळचं दुकान चाळीस किलोमीटरवर असतं आणि रविवार असल्यामुळे तेही बंद असतं.

म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. माझं म्हणणं आधीच सांगतो, पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे: सगळ्यात मोठी बॅटरी शोधत बसू नका. तुमच्या मशीनला हवा तोच व्होल्टेज सकाळी आठलाही देईल आणि संध्याकाळी चारलाही देईल, अशी बॅटरी बघा. किती अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत साठा किती, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

(मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढलाय ना? व्हिक्टोरियात तो ऑनलाइन मिळतो आणि दहा वर्षं चालतो. नसेल तर आधी तो काढा, बॅटरी नंतर.)

सोन्याच्या मशीनला एवढी पॉवर कशाला लागते

बीचवर नाणी शोधायचं साधं मशीन आणि गोल्डफिल्डमधलं मशीन यात फरक आहे. व्हिक्टोरियाच्या गोल्डन ट्रँगलमधली किंवा वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कलगुर्लीकडची माती लोखंडाने भरलेली असते, लाल, जड, मध्ये मध्ये आयर्नस्टोनचे काळे खडे. साधं व्हीएलएफ मशीन (कमी फ्रिक्वेन्सीचा सलग सिग्नल सोडणारं) अशा जमिनीवर सारखं ओरडतं, जमिनीलाच धातू समजतं. म्हणून इथे पल्स इंडक्शन मशीनं चालतात, ती कॉइलमधून करंटचे जोरदार झटके जमिनीत सोडतात आणि प्रत्येक झटक्यानंतर परत येणारा बारीक सिग्नल ऐकतात. हे झटके सेकंदाला शेकड्यांनी-हजारांनी चालू असतात, त्यामुळे बॅटरी खातात, आणि परत येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की बॅटरीकडून आलेली थोडीशी गडबडसुद्धा कानात ऐकू येते. म्हणजे बॅटरी इथे सिग्नलच्या वाटेतच बसलेली असते असं समजा.

आता कुणी म्हणेल की १९८० साली किंगोवरजवळ हँड ऑफ फेथ नावाचा नगेट, म्हणजे सोन्याचा गोळा, सापडला, २७ किलोचा, तो तर त्या काळातल्या साध्या डिटेक्टरवर सापडला. बरोबर आहे. पण २७ किलोचा नगेट असेल तर बॅटरीची चिंता करूच नका. आपल्याला शोधायचेत ते अर्ध्या ग्रॅमचे, आणि तो आवाज म्हणजे हेडफोनमधल्या सलग गुणगुणीत आलेली एक हलकीशी लहर असते, बस. ती गुणगुण म्हणजे थ्रेशोल्ड. तो स्थिर नसेल तर लहर येऊन गेलेली कळतच नाही.

पायरी १: तुमचं मशीन कुठल्या जातीचं आहे ते बघा

बॅटरीच्या हिशोबाने तीन जाती पडतात.

एक म्हणजे कंपनीचीच लिथियम बॅटरी मशीनवर खटकन बसणारी. माइनलॅबचं जीपीएक्स ६०००, जीपीझेड ७०००, गोल्ड मॉन्स्टर १००० ही या जातीतली. इथे तुम्हाला निवडायला फारसं काही नाही. कंपनीची एक बॅटरी येते, दुसरी स्पेअर घ्यायची की नाही एवढाच प्रश्न. गोल्ड मॉन्स्टरला एक सोय बरी आहे, एए सेलचा होल्डर मिळतो, म्हणजे मुख्य बॅटरी झोपली तर पेट्रोल पंपावरून सेल घेऊन दिवस काढता येतो.

दुसरी जात साध्या सेलवर चालणारी. एसडीसी २३०० ला चार सी साइझचे सेल लागतात, गॅरेटच्या एटीएक्सला आठ एए, फिशरच्या जुन्या गोल्ड बग २ ला ९ व्होल्टचे दोन चौकोनी सेल. यांचं पुढे बोलू.

तिसरी जात पाठीवर बॅटरी आणि तिथून मशीनपर्यंत गुंडाळी वायर अशी. माइनलॅबची एसडी मालिका, म्हणजे २०००, २१००, २२००, आणि तिच्यानंतरची जीपी मालिकेतली सुरुवातीची मशीनं ६ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी बनवली होती. नंतरची जीपीएक्स ४५००, ४८००, ५००० ही ७.४ व्होल्टच्या लिथियम पॅकवर चालतात. नवीन माणूस बहुतेक वेळा सेकंडहँडमध्ये हीच मशीनं घेतो कारण नव्याच्या मानाने स्वस्त पडतात आणि सोनं शोधायला अजूनही झकास आहेत. आणि बॅटरीचा सगळा घोळ याच जातीत आहे, म्हणून पुढचा बराचसा मजकूर यांच्याचसाठी समजा.

पायरी २: व्होल्टेज. इथे तडजोड नाही

मॅन्युअल काढा, किंवा मूळ बॅटरीवरचं स्टिकर वाचा, आणि तो आकडा लिहून ठेवा. ६ व्होल्टच्या मशीनला ७.४ ची बॅटरी सरळ लावायची नाही. कारण ७.४ हा झाला नुसता नावाचा आकडा, पूर्ण चार्ज झालेला दोन सेलचा लिथियम-आयन पॅक ८.४ व्होल्टला असतो. लोक म्हणतात मी लावली, चालली, जास्त खोल ऐकू येतंय. येत असेलही काही दिवस, पण जुन्या बोर्डावर एवढा ताण टाकून मशीन गेलं तर त्याचे पार्ट शोधत फिरा मग. ७.४ चा पॅक जुन्या मशीनला वापरायचा असेल तर मध्ये रेग्युलेटर पाहिजे, तो ८.४ पासून खाली घसरत जाणारा व्होल्टेज घेतो आणि मशीनला शेवटपर्यंत एकच ठरलेला आकडा देतो.

सेकंडहँड घेताना आणखी एक बघा. आधीच्या मालकाने स्वतः प्लग बदलला असेल, वायर जोडली असेल, तर प्लस-मायनस उलटं असू शकतं. पंधरा-वीस डॉलरचा मल्टिमीटर घ्या आणि प्लग मशीनमध्ये घालायच्या आधी तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: किती तास पाहिजेत त्याचा हिशोब

इथे लोक अँपिअर-अवर बघून फसतात. वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांचे अँपिअर-अवर एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, वॉट-अवर काढा. व्होल्टेज गुणिले अँपिअर-अवर. ६ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड म्हणजे ७२ वॉट-अवर, आणि ७.४ व्होल्ट १० अँपिअर-अवरची लिथियम म्हणजे ७४. म्हणजे जवळजवळ सारखंच की! पण कागदावर सारखं. लेड-अ‍ॅसिडमधून रोज अर्ध्याच्या खाली गेलात तर ती लवकर मरते, म्हणून तिचे खरे वापरायचे वॉट-अवर ३६ च्या आसपास धरा. लिथियममधून ८०-९० टक्के बिनधास्त काढता येतात.

समजा तुमचं मशीन साधारण १ अँपिअर खातं (तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून किंवा कंपनीने दिलेल्या रनटाइमवरून काढा, मी सोयीसाठी १ धरतोय). तर १२ अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिडवर सहा तास आरामात, त्यापुढे ताणलं तर चालेल पण बॅटरीच्या आयुष्यातून. रेग्युलेटरवाल्या पॅकमध्ये मात्र रेग्युलेटर स्वतःही थोडी पॉवर खातो, म्हणून दहा-पंधरा टक्के आधीच कमी धरा.

आणि स्वतःला विचारा की तुम्ही खरंच किती तास फिरता. सकाळी सहाला मेलबर्न सोडून साडेआठला पोचलात, चहा-पोहे झाले, नऊला सुरू केलं, एकला डबा, चारला परत निघायचं, पोरं कंटाळलेली. सहा तास झाले फार तर. दहा तासांची बॅटरी पाठीवर वाहून नेण्यात काय हशील? वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आठवडा-आठवडा कॅम्प टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालतात.

पायरी ४: कुठल्या प्रकारची बॅटरी

लेड-अ‍ॅसिड, म्हणजे ती सीलबंद चौकोनी वीट. स्वस्त, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते, आवाज एकदम स्वच्छ देते कारण आत कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. वाईट काय, तर दोन किलोच्या आसपास वजन, आणि व्होल्टेज दिवसभर हळूहळू उतरत जातो. भरलेली असताना ६.४ च्या जवळ, निम्मी झाली की ६.१ च्या आसपास, आणि मशीन चालू असताना त्याहून थोडा खाली. हा उतार इतका हळू असतो की कानाला कळत नाही. शिवाय वापरून तशीच ठेवून दिली, पुढच्या महिन्यात बघू म्हटलं, की आत सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. घरी आल्या आल्या चार्जला लावायची, बूट काढायच्या आधी.

लिथियम-आयन, दोन सेल एका मागे एक असा ७.४ चा पॅक. वजनाला सगळ्यात हलकी, ७०-७५ वॉट-अवरचा पॅक अर्ध्या किलोच्या आसपास बसतो. जीपीएक्सवाल्यांना हीच लागते. पण एक लक्षात ठेवा, जीपीएक्स ४५०० ते ५००० ला कंपनीने जी बॅटरी दिली तिच्या डब्यात आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर पण आहे. म्हणजे बाहेरचा पॅक घेताना त्यात अ‍ॅम्प्लिफायर आहे का, नसेल तर आवाजाचं काय करायचं, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, लोक तिला लायफपो म्हणतात. जुन्या ६ व्होल्टच्या मशीनवाल्यांनी माझं ऐकाल तर हिच्याकडे आधी बघा. दोन सेलचा पॅक ६.४ व्होल्टचा, चार्जरवर ७.३ पर्यंत जातो पण काढून थोडा वेळ ठेवला की ६.६-६.७ ला येऊन बसतो, म्हणजे जुन्या लेड-अ‍ॅसिडच्या अगदी शेजारी. आणि मग दिवसभर जवळजवळ हलत नाही. शेवटी एकदम पडते. वजन लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याहून कमी. तरी पहिल्या वेळी चार्जरवरून काढून अर्धा तास थांबा, मल्टिमीटरने मोजा, मशीनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे ना बघा आणि मगच लावा. हिचा तोटा एवढाच की व्होल्टेज हलत नसल्यामुळे मल्टिमीटर लावून किती टक्के उरली ते कळत नाही. तास मोजायचे, दुसरा इलाज नाही.

आता सेलवाल्यांचं. एसडीसी आणि एटीएक्सवाल्यांनी रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेलचे दोन सेट ठेवावे, आणि एक सेट साध्या अल्कलाइनचा गाडीत अडीनडीला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे, म्हणून लोकांना वाटतं अल्कलाइन भारी. पण अल्कलाइनचा व्होल्टेज लोड पडला की भराभर उतरतो, रिचार्जेबल बराच वेळ १.२ ला टिकून राहतो. जुने-नवे सेल मिसळू नका, दोन कंपन्यांचे मिसळू नका. आणि सीझन संपला की अल्कलाइन काढून ठेवा, आत फुटून पाणी सुटलं तर कॉन्टॅक्ट हिरवे होतात.

पायरी ५: रेग्युलेटरचा आवाज

रेग्युलेटर दोन प्रकारचे. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून फुकट घालवतो पण शांत असतो. स्विचिंग रेग्युलेटर पॉवर वाचवतो, पण आत सतत चालू-बंद चालू-बंद करत असतो आणि तो खडखडाट डिटेक्टर उचलू शकतो. चांगल्या बनावटीचा, नीट फिल्टर आणि शिल्ड केलेला स्विचिंग पॅक छान चालतो, प्रश्न आहे तो ऑनलाइन मिळणाऱ्या पाच डॉलरच्या बोर्डाचा.

तपासायची रीत सोपी आहे. विजेच्या तारा, इलेक्ट्रिक कुंपण, घरं यांच्यापासून लांब जा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, कॉइल कमरेएवढी उचलून स्थिर धरा आणि थ्रेशोल्ड ऐका. मग बॅटरीचा पॅक कॉइलपासून लांब-जवळ करून बघा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाची साधी बॅटरी लावून तेच परत ऐका. फरक कानाला लगेच कळतो. घराच्या बॅकयार्डमध्ये ही टेस्ट करू नका, तिथे वायफायपासून सोलरच्या इन्व्हर्टरपर्यंत सगळेच बोंबलत असतात आणि बिचाऱ्या बॅटरीवर आळ येतो.

पायरी ६: वजन कुठे येतं

जीपीझेड ७००० सव्वातीन किलोच्या वर आहे, जीपीएक्स ६००० दोन किलोच्या थोडं वर. दिवसभर हे डावीकडून उजवीकडे झुलवायचं. म्हणून बॅटरीचं वजन किती यापेक्षा ते हातावर आहे की पाठीवर, हे बघा. पाठीवरचा अर्धा किलो जाणवतही नाही, हातातले दोनशे ग्रॅम संध्याकाळी खांद्याला कळतात. काही लोक पाठीवरची बॅटरी काढून छोटा पॅक सरळ मशीनच्या दांड्याला बांधतात, वायरची कटकट जाते म्हणून. सुटसुटीत आहे खरं, पण पॅक कोपराच्या मागे, हाताच्या आधाराखाली बांधा, म्हणजे कॉइलच्या वजनाचा तोल साधतो. पुढे बांधलात तर पस्तावाल, आणि कॉइलच्या जवळ आल्यामुळे आवाजही वाढेल.

पाठीवर ठेवणार असाल तर वायरचा प्लग घट्ट बसतो ना हे तपासा. खाली वाकून खणताना वायर झुडपात अडकते, प्लग हलतो, आणि कानात खर्रकन आवाज येतो, तो थेट टार्गेटसारखा वाटतो.

पायरी ७: बुशमध्ये चार्जिंग आणि ऊन

एका दिवसाच्या ट्रिपला हा प्रश्नच नाही. दोन-तीन रात्री राहणार असाल तर गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या, पण गाडी स्टार्ट करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर चार्जिंग लावून झोपू नका. वेगळी दुसरी बॅटरी ठेवा. आणि प्रत्येक प्रकाराला त्याचाच चार्जर. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही म्हणजे नाही, प्लग बसला तरी नाही.

उन्हाचं जरा गंभीरपणे घ्या. लिथियम शून्याच्या खाली आणि ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. स्पेअर बॅटरी आइसबॉक्समध्ये ठेवा, बर्फाशिवायच्या, ओल लागू न देता. थंडीत पहाटे गवतावर बर्फ साचलेला असतो तेव्हा तंबूतल्या गारठलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावू नका, ऊन येऊ द्या. फुगलेला पॅक दिसला तर तो वापरायचा नाही आणि घरात तर आणायचाच नाही.

खिशात सुटी बॅटरी आणि किल्ल्या एकत्र नकोत, टर्मिनलला टेप लावा. स्वतः पॅक बनवून घेतला असेल तर वायरवर फ्यूज पाहिजेच. सुकलेल्या गवतात एक ठिणगी पडली तर काय होतं हे व्हिक्टोरियात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

विमानाने जाणार असाल तर

मेलबर्नहून पर्थ, तिथून कलगुर्ली असं जाणारे असतात. लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि अशा दोनच स्पेअर नेता येतात. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायची नाही. वॉट-अवरचा आकडा पॅकवर छापलेला असू द्या, घरगुती पॅकवर काहीच लिहिलेलं नसेल तर सिक्युरिटीवाला तो ठेवून घेईल. पॅक घेतानाच १०० च्या आत ठेवलात तर ही भानगडच नको.

आणि हे मशीन सुट्टीत गावी न्यायचा विचार करत असाल, एखाद्या किल्ल्यावर फिरवू म्हणून, तर कृपया नको. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, आणि संरक्षित स्मारकांवर खणणं हा गुन्हाच आहे.

विकत घेताना

एका १८६५० सेलवर (पॅकच्या आत असतात ते बोटाएवढे गोल लिथियम सेल) ९९०० मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं दिसलं की पुढे चला. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतात. पॅक उघडून दाखवत नसेल तरी आतले सेल कुठल्या कंपनीचे, प्रोटेक्शन सर्किट आहे का, रेग्युलेटर लिनिअर की स्विचिंग, हे तीन प्रश्न विचारा. ज्याला उत्तर माहीत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग तो किती का स्वस्त देईना.

सेकंडहँड मशीनसोबत आलेली बॅटरी फुकटच आहे असं समजून किंमत ठरवा. घरी पूर्ण चार्ज करा, मशीन चालू करून ठेवा, दर अर्ध्या तासाने व्होल्टेज लिहा. दोन सेलचा लिथियम-आयन पॅक ६ व्होल्टच्या जवळ आला की बंद करा, त्याखाली न्यायचा नाही. किती तास चालली ते कळलं, झालं. एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतलेल्या बऱ्या, एक गेली तरी दिवस फुकट जात नाही. फक्त त्या दोन एकमेकांना समांतर जोडून एक करायचा जुगाड करू नका, वेगवेगळ्या चार्जच्या बॅटऱ्या जोडल्या की एकीतून दुसरीत जोरात करंट धावतो.

तीन-चार महिने मशीन काढणार नसाल तर लिथियम निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामी तर नाहीच. लेड-अ‍ॅसिड मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि अधूनमधून परत भरायची. जुन्या झालेल्या छोट्या बॅटऱ्या टर्मिनलला टेप लावून बी-सायकलच्या (जुन्या बॅटऱ्या गोळा करणारी योजना) डब्यात टाका, बनिंग्स, वूलवर्थ्स, ऑल्डी अशा ठिकाणी ते ठेवलेले असतात. फुगलेल्या पॅकसाठी आणि लेड-अ‍ॅसिडच्या विटेसाठी मात्र काउन्सिलच्या ट्रान्सफर स्टेशनला फोन करून विचारा, कारण त्या डब्यात ते घेत नाहीत. घरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये यातलं काहीच टाकायचं नाही, कचऱ्याच्या ट्रकला आग लागते ती अशाच बॅटऱ्यांनी.